पाण्यावरची उडी

दिवाळी तोंडावर आली की पिशोरच्या शिवारात पहाटेची हवा एकाएकी अंगाला बोचू लागते. मक्याची कणसे खुडून झालेली असतात, कपाशीची वेचणी निम्म्यावर आलेली असते, अद्रकाच्या वाफ्यांतून ओल्या मातीचा वास वर येत असतो. आणि अशा वेळी, पहिली एस.टी. अजून स्टँडवर लागावयाची असताना, गावाबाहेर पडणाऱ्या सडकेवरून एकामागून एक अशा आठ-दहा सावल्या धावत जाताना दिसतात. सेवानिवृत्तीनंतर डॉक्टरांच्या हुकुमाने पहाटे फिरावयास निघणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला आरंभी ह्या सावल्यांचे थोडे भयच वाटे. आता मात्र नुसत्या पावलांच्या आवाजावरून कोण आले आणि कोण मागे राहिले, हे मी न बघता सांगू शकतो.

त्यांची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. मोटारसायकलच्या मीटरवर अंतर मोजून डांबरावर चुन्याच्या दोन रेघा ओढलेल्या. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत ८०० मीटर, म्हणजे जाऊन परत आले की १६००. पाय मुरगळलेला किंवा अंगात ताप असलेला एखादा जण मोरीच्या कठड्यावर मोबाईल घेऊन बसतो आणि येणाऱ्याला मोठ्याने वेळ सांगतो. त्यात कौतुक नसते, निर्भर्त्सनाही नसते. तलाठ्याने सातबारा वाचून दाखवावा इतक्या कोरड्या स्वरात तो ‘पाच-बेचाळीस’ म्हणतो, आणि ज्याचे पाच-बेचाळीस झाले तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवाराने १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत काढले तर त्या बाबीचे २० पैकी २० गुण. शंभर मीटर आणि गोळा मिळून एकंदर ५०. ह्या पोरांच्या भाषेत मैदानी चाचणी म्हणजे ‘ग्राउंड’ आणि पैकीच्या पैकी म्हणजे ‘आउट ऑफ’. पाच-बेचाळीस आणि पाच-दहा ह्यांच्यामधले बत्तीस सेकंद म्हणजे एका कुटुंबाचे पुढील तीस वर्षांचे अन्न आहे, हे सडकेवरच्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि म्हणून तेथे थट्टामस्करी फारशी चालत नाही.

ह्या पोरांपैकी एकाच्या मोबाईलच्या पडद्यावर कोणा सिनेनटाऐवजी एका कृश, उंच गालफडांच्या, घामाने भिजलेल्या तरुणाचे छायाचित्र मी पाहिले. तो पाण्यातून बाहेर येत होता. एक पाय पाण्यात, दुसरा तांबड्या धावपट्टीवर. “हे कोण?” असे मी विचारले, तेव्हा त्या पोराने माझ्याकडे, परीक्षेत शिवाजी महाराजांचे नाव विसरलेल्या विद्यार्थ्याकडे मी पूर्वी ज्या नजरेने पाहत असे, त्याच नजरेने पाहिले. “गुरुजी, अविनाश साबळे हायत ते. आपल्या बीडचे.”

‘आपल्या बीडचे’ ह्या दोन शब्दांवर मी त्या दिवशी घरी परत येईपर्यंत विचार करीत होतो. पिशोर कन्नड तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याच्या बाजूला. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका येथून बालाघाटाच्या पलीकडे, मराठवाड्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. त्या दोन मुलखांत सोयरिकी क्वचित, बाजारपेठा निराळ्या, बोलण्याची ढबही निराळी. तरीही ते ‘आपले’ होते, ह्याचे कारण मला पुढे हळूहळू उमगत गेले, आणि त्या उमगण्याचाच हा वृत्तान्त आहे.

अविनाशचा (वयाने तो माझ्या मुलांच्या बरोबरीचा, म्हणून एकेरीच लिहितो) जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा, गाव मांडवा. आष्टी तालुका हा पर्जन्यछायेचा मुलूख; जमीन आहे परंतु पाणी नाही, आणि पाणी नसल्यामुळे जमीन असूनही नसल्यासारखी. आईवडील वीटभट्टीवर मजुरीला जात. ज्यांनी वीटभट्टी दुरूनच पाहिली आहे त्यांना त्या कामाची कल्पना यावयाची नाही: पहाटेच्या अंधारात चिखल तुडवावयाचा, तो साच्यात थापावयाचा, साचा उलटा करून ओळीने विटा मांडावयाच्या, आणि सूर्य डोक्यावर यावयाच्या आत हजाराचा हिशेब पुरा करावयाचा, मजुरी विटांच्या संख्येवर, दिवसावर नव्हे. शाळा घरापासून सुमारे सहा किलोमीटरांवर होती आणि वाहनाची सोय नव्हती. तेव्हा तो पोर कधी चालत, बहुधा धावत, शाळेत जाई. ह्याला पुढे वृत्तपत्रांनी ‘बालपणापासूनचा सराव’ असे भारदस्त नाव दिले. परंतु सराव म्हणावयाचा तर त्यात इच्छा असावी लागते, आणि येथे इच्छेचा प्रश्न कोठे होता? उशीर झाला की छडी बसते, एवढेच त्या धावण्याचे शास्त्र.

बारावीनंतर तो लष्करात भरती झाला. त्याच्या धावण्याला ज्याने पुढे आकार दिला ते क्रीडांगण नव्हते, ती वर्दी होती. आणि ती वर्दी महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीची होती. ह्या रेजिमेंटची कैफियत दोन ओळींत तरी सांगितली पाहिजे. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महार शिपायांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध सरताच १९२१ मध्ये ती मोडून टाकली. डॉ. आंबेडकरांनी ह्या प्रश्नाचा पाठपुरावा सोडला नाही, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. आज तीत सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. ज्यांना गावाच्या वेशीत मान नव्हता त्यांना सरकारी गणवेषाने एक सरळ उभे राहण्याची जागा दिली, ही गोष्ट आपल्याकडे जितकी खरी, तितकीच ती, पुढे सांगतो त्याप्रमाणे, समुद्रापलीकडेही खरी ठरली.

पलटणीबरोबर अविनाशची तैनाती सियाचीनच्या बर्फात झाली, राजस्थानच्या वाळूत झाली, सिक्कीममध्ये झाली. उणे तापमानाच्या हिमनदीवरून उठून थरच्या वाळवंटात रुजू होणे म्हणजे काय, हे ज्याच्या शरीराने सोसले, त्याला मैदानावरील थकव्याचे फारसे अप्रूप उरले नसावे. २०१५ च्या सुमारास तो लष्करांतर्गत क्रॉस कंट्री शर्यतींत, म्हणजे शेताडोंगरांतून धावण्याच्या शर्यतींत, उतरू लागला. वयाची विशी उलटून गेलेली. ह्या वयात इतर देशांतील धावपटूंच्या गाठीशी दहा वर्षांची तालीम असते. पुढे लष्कराचे प्रशिक्षक अमरीश कुमार ह्यांनी २०१७ मध्ये त्याला ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळविले. दीर्घ पल्ल्याच्या इतर शर्यती सोडून ही एक विक्षिप्त शर्यत त्याच्या वाट्याला यावी, ह्यात मला दैवाचा काही संकेत दिसतो. परंतु दैवावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, शर्यतीवर लिहितो.

स्टीपल म्हणजे चर्चचा मनोरा. एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मधले कुंपण, ओढे, दगडी बांध जे काही येईल ते ओलांडीत घोडे दौडवावयाचे, असा आयर्लंड-इंग्लंडमधील जमीनदारांचा एक षोक होता; तोच पुढे विद्यार्थ्यांनी घोड्यावाचून आपल्या पायांवर आणला. आज ह्या शर्यतीत साडेसात फेऱ्यांच्या आसपास धावताना २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा अडथळा पार करावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर. अडथळ्यांच्या इतर शर्यतींतले अडथळे पाय लागला तर पडतात. हा पडत नाही. तो जाडजूड तुळईचा, जड आणि अचल असतो. त्यावर माणूस आदळला तर माणूस पडतो, तुळई जागच्या जागी राहते. पाण्याचा अडथळा म्हणजे अशाच तुळईच्या पुढे ३.६६ मीटर लांबीचा खड्डा, तुळईजवळ सर्वांत खोल आणि पुढे उथळ होत गेलेला. शहाणा धावपटू तुळईवर एक पाय रोवून स्वतःला पुढे फेकतो, आणि शेवटल्या उथळ पाण्यात दुसरा पाय टाकून बाहेर पडतो. एका पायाला पाणी लागावयाचेच, सात वेळा.

शेतकऱ्याला ही शर्यत समजावून सांगावी लागत नाही. बांध, चारी, पाट, काट्याकुट्यांची वई ओलांडल्यावाचून शाळेत किंवा शेतात कोण गेला आहे? ती शर्यत जमीनदारांनी शोधून काढली खरी, परंतु ती खेळावयाचे कसब ज्यांना जमीन नव्हती त्यांच्याच पायांत आधीपासून होते.

हे पहिल्यांदा जगाला दाखविले ते आफ्रिकेतील केनिया देशाच्या नांदी टोळीतील आमोस बिवोट नावाच्या विशीतल्या तरुणाने, १९६८ साली, मेक्सिको शहरात. (आफ्रिका आम्हां ह्या जिल्ह्यातील लोकांना परकी वाटावी ह्याला वास्तविक काही कारण नाही. आजचे छत्रपती संभाजीनगर ज्या खडकी गावातून वाढले ते नगर १६१० साली वसविणारा मलिक अंबर हबशी होता; इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनेत येऊन निजामशाहीचा कारभारी झाला, मराठा बारगीर हाताशी घेऊन मोगलांना त्याने वर्षानुवर्षे हैराण केले. खुलताबादेस त्याची कबर आहे. पिशोरहून वेरूळला सहली जातात, त्या कबरीपाशी मात्र क्वचितच कोणाची गाडी थांबते.)

केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. तत्पूर्वी तेथील उंचावरची सुपीक जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी राखून ठेवलेली होती, आणि काळ्या पुरुषाला आपल्या ओळखीचा सरकारी दाखला, त्याला ते ‘किपांडे’ म्हणत, धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवून हिंडावे लागे. अशा देशात धावण्याची स्पर्धा माणसापर्यंत पोहोचावयाची ती मिशनऱ्यांच्या शाळेतून, नाहीतर पोलिसातून वा लष्करातून. १९५४ मध्ये न्यांदिका मायोरो आणि लाझारो चेपक्वोनी हे दोघे लंडनच्या मैदानावर उतरले, त्यांतला चेपक्वोनी अनवाणी धावला, आणि गोऱ्या प्रेक्षकांना ती मौज वाटली. मायोरो १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ५००० मीटरमध्ये सातवा आणि १९६० मध्ये रोमला सहावा आला, तेव्हा मौज वाटेनाशी झाली. १९६४ मध्ये विल्सन किप्रुगुट ह्याने ८०० मीटरचे कांस्यपदक घेतले; केनियाचे ते पहिले ऑलिंपिक पदक. नफ्ताली तेमू लष्करातला, किपचोगे केनो पोलीस खात्यात शारीरिक शिक्षणाचा निदेशक. आमच्या सडकेवरच्या पोरांना हे सांगितले तेव्हा त्यांतील एकाने अगदी सहज विचारले, “म्हणजे ते बी भरतीचेच का, गुरुजी?” मला त्याचे हसू आले, परंतु घरी आल्यावर वाटले, प्रश्न बरोबर होता.

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंच, हवा विरळ. १६ ऑक्टोबर १९६८. त्या दिवशीचे जगाला आठवते ते एकच दृश्य: २०० मीटरच्या पदकसमारंभात अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस काळा हातमोजा घातलेली मूठ वर उचलून, मान खाली घालून उभे आहेत. त्या मुठींची किंमत त्यांना फार मोजावी लागली. त्यांना क्रीडाग्रामातून घालवून देण्यात आले. ते छायाचित्र जगभरच्या भिंतींवर लागले, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु त्याच मैदानावर, त्याच दिवशी, स्टीपलचेसची अंतिम शर्यत झाली आणि तिच्यात बिवोटने जे केले ते निःशब्द होते.

स्टीपलचेसची विद्या त्याला शास्त्रशुद्ध अशी कोणी शिकविलेलीच नव्हती. पाण्याच्या अडथळ्यापाशी आल्यावर तुळईवर पाय रोवावयाचा असतो, ही प्रौढ युरोपियन धावपटूंची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बिवोट तुळईला पायच लावीना. पाट ओलांडणाऱ्या पोराने जशी एका दमात उडी घ्यावी, तशी तो अडथळा आणि पाणी दोन्ही मिळून एकच झेप घेई आणि पलीकडच्या कोरड्या पट्टीवर जाऊन उतरे. तज्ज्ञांनी कपाळाला हात लावला: ह्या उड्यांत शक्ती फार खर्च होते, गुडघे निकामी होतात, विरळ हवेत हा टिकावयाचा नाही. शेवटच्या फेरीला तो खरोखरच मागे होता. मग अखेरच्या सरळ पट्टीवर त्याने एकेकाला मागे टाकीत आपल्याच देशाच्या बेंजामिन कोगोला गाठले आणि ८ मिनिटे ५१.० सेकंदांत शर्यत जिंकली, कोगो ८:५१.६, अमेरिकेचा जॉर्ज यंग ८:५१.८. असे सांगतात की शर्यत संपल्यावर पाय कोरडे राहिलेला तो एकटाच होता.

मला ह्या कोरड्या पायांचे फार अप्रूप वाटते. जगातील सर्वोत्तम पाठ्यपुस्तक ज्याने वाचलेले नाही तो मनुष्य कधीकधी पुस्तकाबाहेरचे उत्तर देऊन जातो, आणि परीक्षकाला ते चूक म्हणता येत नाही, कारण तो पहिला आलेला असतो. अर्थात पुढे केनियाच्या धावपटूंनीच तुळईवर पाय रोवण्याची रीत उत्तम आत्मसात केली. बिवोटची उडी कोणी गिरविली नाही, ती गिरवण्यासारखी नव्हतीच. १९७२ मध्ये केनोने हीच शर्यत जिंकली. १९७६ आणि १९८० च्या ऑलिंपिकवर केनियाने बहिष्कार घातला होता. ती दोन वगळता १९६८ पासून २०१६ पर्यंत केनिया ज्या ज्या ऑलिंपिकला गेला त्या प्रत्येकात पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्ण त्याच्याच धावपटूने नेले: अकरा वेळा. हे इतके झाले की ह्या शर्यतीला लोक केनियाची मिरास समजू लागले, वंशपरंपरेने चालत आलेल्या वतनासारखी.

त्या वतनाच्या दारात मांडव्याचा पोर जाऊन उभा राहिला.

हिंदुस्थानात ह्या शर्यतीची हकिगत अगदीच तुटपुंजी. ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस धावलेला भारतीय पुरुष म्हणजे १९५२ साली हेलसिंकीला गेलेले गुलजारा सिंग. त्यानंतर सत्तर वर्षांच्या जवळपास कोणी नाही. राष्ट्रीय विक्रम गोपाल सैनी ह्यांचा, १९८१ चा, ८:३०.८८. हा विक्रम अविनाशच्या जन्मापूर्वी तेरा वर्षे उभा होता, आणि त्याने तो २०१८ मध्ये भुवनेश्वरला मोडला: ८:२९.८०. एका सेकंदाहून थोडेसे अधिक. त्यानंतर मात्र त्याने आपलेच विक्रम असे मोडीत काढले की आकडे लिहिता लिहिता लेखणी दमावी. त्यांतले निवडक तेवढेच घेतो.

२०१९, दोहा, जागतिक स्पर्धेची प्राथमिक फेरी. गर्दीत दुसऱ्या धावपटूंच्या पडापडीत तो अडकला, दोनदा त्याची लय मोडली, आणि तरीही त्याने ८:२५.२३ असा नवा राष्ट्रीय विक्रम केला. पण अंतिम फेरीला तेवढे पुरे नव्हते. भारतीय संघाने रीतसर तक्रार गुदरली, पंचांनी चित्रफीत पाहिली आणि त्याला अंतिम फेरीत घेतले. जणू तहसिलात एखाद्याच्या नावावर चुकून न चढलेली नोंद अर्जावरून दुरुस्त व्हावी, तसे. अंतिम फेरीत तो तेरावा आला, परंतु ८:२१.३७ वेळेमुळे टोकियो ऑलिंपिकची पात्रता त्याला मिळाली. टोकियोत ८:१८.१२ धावूनही तो अंतिम फेरीत नव्हता. ज्यांना अंतिम फेरी मिळाली नाही त्यांत सर्वांत वेगवान तोच. निरनिराळ्या गटांतून पहिले तिघे घेण्याची ही पद्धत न्याय्य असेलही. पण त्या दिवशी माझ्या घरातील दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या चौघांपैकी एकालाही ती न्याय्य वाटली नाही.

मग २०२२. हे वर्ष त्याच्या आयुष्यातले असे होते की पंचांग बाजूला ठेवावे. मे महिन्यात अमेरिकेत त्याने ५००० मीटरमध्ये १३:२५.६५ वेळ देऊन बहादूर प्रसाद ह्यांचा १९९२ चा विक्रम मोडला. जूनमध्ये मोरोक्कोत रबात येथे स्टीपलचेस ८:१२.४८, आणि ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा.

ती शर्यत मी दोनदा पाहिली, एकदा चालू असताना आणि एकदा त्या सडकेवरच्या पोराच्या मोबाईलवर. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून ह्या शर्यतीची सुवर्ण, रौप्य, कांस्य ही तिन्ही पदके दर खेपेला केनियाने नेलेली. सुरुवातीपासून पुढे केनियाचे तिघे, त्यांच्या मागे अविनाश. तो त्यांच्यात मिसळत नव्हता, आणि सोडीतही नव्हता. फेरीमागून फेरी जाऊ लागली तशी एक गोष्ट ध्यानात येऊ लागली, ती ही की पाण्याच्या प्रत्येक अडथळ्यावर तो जराही घाबरा होत नव्हता. पाय रोवावा, झेप घ्यावी, एक पाय ओला करावा, निघावे, इतके ते निर्विकार होते. शेवटच्या पाण्यानंतर केनियाचा अब्राहम किबिवोट पुढे, अविनाश त्याच्या खांद्यापाशी. शेवटच्या सरळ पट्टीवर दोघे जवळजवळ एकाच रेषेत आले, आणि किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२० अशी नोंद झाली. पाच शतांश सेकंद. पापणी लवण्याला ह्याहून अधिक वेळ लागतो. मोबाईलवर ते पाहताना पोराने ऐन वेळी चित्र थांबविले आणि बोटाने दाखविले: “हितं छाती पुढं टाकायला पायजे होती.” त्याचे सोळाशे मीटरचे पाच-बेचाळीस होते, पण टीका बरोबर होती.

त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढील वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो आरंभापासूनच एकटा पुढे निघाला आणि ८:१९.५० ह्या स्पर्धाविक्रमासह सुवर्णपदक घेतले; भारतीय पुरुषाने ह्या शर्यतीत आशियाई सुवर्ण मिळविण्याची ती पहिलीच वेळ. तीन दिवसांनी ५००० मीटरचे रौप्य. जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथील डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, आणि पुढच्याच महिन्यात त्याच शहरात तो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभा होता. भारतीय पुरुषाला ही फेरी प्रथमच लाभली. तो अकरावा आला. त्या शर्यतीत विश्वविक्रमाचा मानकरी, मलिक अंबरच्या मुलखातला लामेचा गिर्मा, अखेरच्या फेरीत तुळईला अडखळून असा कोसळला की त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. मे २०२५ मध्ये कोरियातील गुमी येथे अविनाशने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचे सुवर्ण घेतले, आणि जुलैत मोनॅकोत पाण्याच्या अडथळ्यावर तोही पडला. गुडघ्याचे बंध दुखावले, शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरची जागतिक स्पर्धा गेली.

धावणारा मराठी शेतकरी हे चित्र काही नवे नाही. शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी खेड्यांतली पोरे सर दोराबजी टाटा ह्यांनी पाहिली, आणि त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेपासून फार दूर नाही हे ओळखून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठविण्याचा घाट घातला. जिमखान्याच्या कोणा सभासदाला शंभर मीटरला किती वेळ लागावा असे विचारले, तेव्हा त्याने एक-दोन मिनिटे सांगितली आणि ती सेकंदांत मोजतात हे त्याला समजावून द्यावे लागले, अशी आठवण दोराबजींनीच नमूद केली आहे. त्या संघातला बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. त्याच्यानंतर त्या वाटेने कोणी लगेच गेले नाही. वाट होती, पण पुढे पोट भरण्याची सोय नव्हती. आपल्या काळात सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरी गाठून दहावी आली. तिला पुढे महसूल खात्यात अधिकाराची जागा मिळाली. दुष्काळी माण आणि दुष्काळी आष्टी, पाण्याच्या अडथळ्याच्या शर्यतीत पाण्याच्या वाणीचे तालुके पुढे यावेत, ह्याला काय म्हणावे?

पिशोरच्या सडकेवर ह्या सर्वांचे पडसाद कसे उमटतात, हे मी गेले वर्षभर पाहत आहे. ह्यांतल्या कोणालाही अविनाश साबळे व्हावयाचे नाही, हे प्रथम स्पष्ट लिहिले पाहिजे. वृत्तपत्रे तसे लिहितात ते खोटे. त्यांना शिपाई व्हावयाचे आहे. अविनाशची सुरुवात शिपाई होण्यापासूनच झाली, म्हणूनच तो त्यांना ‘आपला’ वाटतो. तो ह्यांच्याच रांगेतून पुढे गेला, दुसऱ्या एखाद्या रांगेतून नव्हे. भरतीच्या यादीत नाव लागले की पोरगा पेढे वाटतो, बूट धाकट्या भावाला देतो आणि प्रशिक्षणाला निघून जातो; मग तो सडकेवर पुन्हा दिसतो तो सणाला, पोट किंचित सुटलेले, हातात मोटारसायकलची किल्ली. ह्यात दोष कोणाचा नाही. ज्याला धान्य हवे होते त्याला ते मिळाले.

गेल्या आठवड्यात मात्र असे झाले, की मोरीच्या कठड्यावर बसणारा पोरगा आजारी म्हणून आला नव्हता आणि मोबाईल माझ्या हातात देण्यात आला. सहा जण सुटले. पाच परत आले, त्यांच्या वेळा मी शक्य तितक्या कोरड्या स्वरात सांगितल्या, एक जण पाच-सोळापर्यंत आला होता. सहावा त्यांच्यातला सर्वांत मोठा. दोनदा गुणवत्ता यादीच्या काठावर राहिलेला, आणि आता वयात बसत नाही हे सगळ्यांना माहीत असलेला. तो रेघेपाशी थांबला नाही. सडक सोडून तो कपाशीच्या कडेने वळला, जेथे पाटाची चारी सडकेला छेदून जाते, आणि पाऊस लांबल्यामुळे तिला भरपूर पाणी होते. बाकीची पोरे तेथे काठावर पाय देऊन ओलांडतात. तो वेग कमी न करता गेला, आणि एका झेपेत पलीकडे उतरला.

“वेळ काय झाली, गुरुजी?” परत आल्यावर त्याने विचारले.

मी घड्याळ बंद करावयाचे विसरलो होतो. सात मिनिटांवर काही सेकंद पुढे पळत होते. मी तसे सांगितले. तो हसला, खाली बसून त्याने बुटाच्या नाड्या सोडल्या आणि बूट उलटा करून आपटला. आतून थोडी वाळू पडली. बूट कोरडाच होता.